जुना रेल्वे पूल पाहायला जाताना: नवख्यांसाठी मार्गदर्शक

गावाबाहेरच्या दरीत किंवा नदीवर उभा असलेला एखादा जुना रेल्वे पूल पाहायला जायचे ठरले, की बहुतेक नवख्यांच्या डोळ्यांसमोर पुलावर जाऊन उभे राहण्याचे चित्र येते. ते चित्र आधी मनातून काढून टाकावे. धोका हे त्याचे पहिले कारण आहे. दुसरे कारण असे, की पुलावर उभ्या असलेल्या माणसाला पूल दिसतच नाही. त्याला रूळ, खडी आणि फार तर कठडा दिसतो. कमानी, खांब, पाया, दगडांची मांडणी, दीडशे वर्षांच्या दुरुस्त्यांच्या खुणा, म्हणजे ज्यासाठी एवढ्या लांब यायचे ते सगळे, खालून आणि बाजूने पाहावे लागते. पुढच्या सर्व सूचना त्या दृष्टीने दिल्या आहेत.

पूल चालू आहे की बंद, ते आधी पाहा

पहिली पायरी घरी बसूनच पूर्ण करायची आहे. पुलावरून आजही गाड्या जातात का, केवळ ठरावीक दिवशी पर्यटकांची गाडी जाते का, मार्ग बंद करून त्यावर पायवाट केली आहे का, की पूल नुसताच सोडून दिलेला आहे, याची खात्री करून घ्यावी, कारण कुठे जाता येईल आणि कुठे नाही हे सर्वस्वी यावर ठरते. ‘तिथे आता गाड्या येत नाहीत’ हे ऐकीव वाक्य पुरेसे मानू नये. दिवसाकाठी एखादीच मालगाडी जाणारे मार्ग असतात आणि मालगाड्या प्रवासी वेळापत्रकात सापडत नाहीत. रुळांचा माथा चकचकीत असेल तर गाड्या नियमित जात आहेत असे समजावे. मात्र माथ्यावर गंज दिसला म्हणून मार्ग बंद आहे असे समजू नये.

चालू मार्गावर परवानगीशिवाय पाऊल टाकणे हा बहुतेक देशांत गुन्हा आहे, आणि नियम बाजूला ठेवला तरी व्यवहार असा आहे, की विजेवर चालणारी गाडी वळणावरून येताना अगदी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही, वेगात असलेल्या गाडीला थांबायला एक किलोमीटरहून अधिक अंतर लागू शकते, आणि जुन्या पुलांवर रुळांच्या बाजूला माणसाला सरकायला जागा नसते. ज्या मार्गांवर वरून वीज नेलेली असते तिथल्या तारांमध्ये 25,000 व्होल्टपर्यंतचा दाब असतो आणि तारेला स्पर्श न होताही वीज अंगावर झेपावू शकते. त्यामुळे लांब काठी किंवा छत्री उंचावणे हेही अशा ठिकाणी वर्ज्य समजावे. श्रीलंकेत एल्ला आणि डेमोदरा या स्थानकांच्या दरम्यान असलेल्या, 1921 मध्ये पूर्ण झालेल्या नऊ कमानींच्या पुलावर पर्यटक रुळांवर फिरताना छायाचित्रांत दिसतात. ती छायाचित्रे पाहून इतर ठिकाणीही तसे चालते, असा समज करून घेऊ नये. त्या पुलाचे खरे रूप शेजारच्या टेकाडावरून दिसते. तिथून त्याचे वळण आणि सगळ्या कमानी एका नजरेत येतात.

नकाशा वाचणे

उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा मिळवावा आणि लोहमार्ग जिथे दाट रेषांच्या घळीला छेदून जातो ती जागा शोधावी. त्या नकाशावर तीन गोष्टी पाहायच्या आहेत. पुलाच्या पायथ्याशी जाणारी सार्वजनिक वाट आहे का, समोरच्या उतारावर पुलाच्या पातळीइतकी किंवा तिच्याहून थोडी अधिक उंच अशी मोकळी जागा आहे का, आणि पुलाची दिशा कोणती. वरून घेतलेल्या उपग्रह चित्रात झाडी कळते, पण उतार कळत नाही. म्हणून दोन्ही जोडीने पाहावेत.

दिशेचे महत्त्व प्रकाशासाठी आहे. दक्षिणोत्तर धावणाऱ्या पुलाची पूर्वेकडची बाजू सकाळी आणि पश्चिमेकडची संध्याकाळी उजळते. पूर्व-पश्चिम पुलाच्या बाबतीत, कर्कवृत्ताच्या उत्तरेला, दक्षिणेकडच्या बाजूवरच दिवसाचा बराचसा काळ ऊन असते आणि उत्तरेकडची बाजू सावलीत राहते. मकरवृत्ताच्या दक्षिणेला याच्या उलट. दगडी पुलाचे बारकावे वाचायचे असतील तर तिरपे ऊन हवे, कारण टाकीचे घाव, सांधे आणि फुगवटे तिरप्या उन्हातच उठून दिसतात. भर दुपारी तोच पूल सपाट भासतो.

वेळापत्रकावरून गाडी पुलावर केव्हा येईल याचा अंदाज बांधता येतो. अलीकडच्या स्थानकाची सुटण्याची आणि पलीकडच्या स्थानकाची पोहोचण्याची वेळ घ्यावी आणि अंतराच्या प्रमाणात मधली वेळ काढावी. घाटात गाडी चढताना हळू असते हे हिशेबात धरावे आणि ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी जागेवर असावे.

सामान थोडेच लागते. घट्ट पकडीचे बूट, पाणी, मोजपट्टी, वही, आणि शक्य झाल्यास दुर्बीण. माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण अधिक उपयोगी पडते, कारण पुलाचे सगळे मर्म उंचावर असते. ड्रोन नेण्याचा विचार असेल तर आधी तिथला कायदा पाहावा. लोहमार्गावर तो उडवायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. काही देशांत रेल्वे पूल संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचे मानले जातात आणि साधे छायाचित्र काढण्यावरही बंदी असते, हेही निघण्यापूर्वी तपासावे.

पोहोचल्यावर: आधी लांबून

थेट खांबांपाशी धावू नये. प्रथम असा कोपरा गाठावा जिथून पूल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसेल, आणि तिथून गाळे मोजावेत. दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात. सगळे गाळे सारख्या रुंदीचे आहेत का? सगळे खांब सारख्या जाडीचे आहेत का? या दोन प्रश्नांची उत्तरे पुलाबद्दल बरेच काही सांगतात.

कमान आपल्यावरचा भार केवळ खाली पाठवत नाही. ती दोन्ही बाजूंच्या खांबांना बाहेरच्या दिशेने रेटतही असते. शेजारी शेजारी सारख्या कमानी असल्या की एका बाजूचा रेटा दुसऱ्या बाजूच्या रेट्याने तोलला जातो आणि त्यामुळे मधले खांब सडपातळ ठेवता येतात. मात्र एक कमान पडली तर हा तोल बिघडतो आणि शेजारची कमानही कोसळू शकते. इंग्लंडच्या उत्तरेकडील माळरानावरचा रिबलहेड पूल पाहिला की यावरचा तोडगा प्रत्यक्ष दिसतो. 1870 ते 1874 या काळात सेटल ते कार्लाइल मार्गासाठी बांधलेल्या या पुलाला 24 कमानी आहेत, लांबी सुमारे 400 मीटर आहे, आणि त्यातला दर सहावा खांब मुद्दाम जाड केलेला आहे, जेणेकरून एखादा खांब पडलाच तर पडझड पाच कमानींपुरती थांबावी. लांबून खांबांच्या जाडीकडे पाहण्याची सवय लागली, की असे थोपवणारे खांब इतर लांब पुलांतही ओळखू येतात.

याच जागेवरून मार्गाचे वळण पाहावे. स्वित्झर्लंडमधला 1902 चा लँडवासर पूल 65 मीटर उंच आहे आणि 100 मीटर त्रिज्येच्या वळणावर उभा आहे. त्याच्या एका टोकाला गाडी पुलावरून सरळ कड्यातल्या बोगद्यात शिरते. अशा ठिकाणी पूल तिथेच का बांधला, हे पुलाकडे पाहून नव्हे तर भोवतालच्या डोंगराकडे पाहून समजते.

खांबापाशी

शेतातून वाट जात असेल तर विचारून जावे, पिकाच्या कडेने चालावे आणि वाटेतले फाटक ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत ठेवावे. नदीपात्रातला पूल असेल तर वरच्या भागात पाऊस झाला आहे का याची चौकशी केल्याशिवाय पात्रात उतरू नये. गाडी जात असताना पुलाच्या बरोबर खाली थांबू नये, कारण खडीचा तुकडा किंवा गाडीतून फेकलेली वस्तू खाली येऊ शकते. कमानीच्या पोटात मधमाश्यांचे पोळे आहे का ते आधी पाहावे. असेल तर मागे फिरावे. फटींमध्ये वटवाघळे राहतात, त्यांच्यावर विजेरीचा झोत टाकू नये.

आता मोजपट्टी काढावी. पूल विटांचा असेल तर दहा थरांची उंची सांध्यांसकट मोजून तिला दहाने भागावे. मग दुर्बिणीने किंवा छायाचित्रावरून घरी बसून खांबाचे थर मोजले की खांबाची उंची मिळते. दगडी खांबातही थर सारख्या उंचीचे असतील तर हीच रीत चालते. सपाट जमिनीवर पुलाची सावली पडत असेल तर आणखी सोपे: आपली उंची आणि आपल्या सावलीची लांबी यांचे जे प्रमाण, तेच पुलाची उंची आणि त्याच्या सावलीचे. जर्मनीतल्या गोल्च नदीच्या खोऱ्यातल्या, 1846 ते 1851 या काळात बांधलेल्या पुलाला 2 कोटी 60 लाखांहून अधिक विटा लागल्या. तो 78 मीटर उंच आहे आणि विटांनी बांधलेला जगातला सर्वांत मोठा पूल मानला जातो. त्याच्या रचनेसाठी 1845 मध्ये स्पर्धा ठेवली होती, 81 आराखडे आले, आणि भार पेलण्याचा हिशेब एकानेही पुरेसा मांडलेला नव्हता. अखेर अभियंते योहान आंद्रेआस शुबर्ट यांनी तो हिशेब करून रचना निश्चित केली. एका खांबाचे थर स्वतः मोजून पाहिल्यावर विटांचा हा आकडा नुसता आकडा राहत नाही.

त्यानंतर कमानीच्या खाली, बाजूला सुरक्षित उभे राहून, पोटाकडे पाहावे. पुलाच्या लांबीच्या दिशेने जाणारा एक सरळ सांधा कमानीच्या पोटात दिसला तर पूल बहुधा नंतर रुंद केलेला आहे. एकेरी मार्गाचा दुहेरी करताना जुन्या पुलाला खेटून नवा पूल बांधत असत. सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या विटांचा रंग, दगडांचा आकार किंवा घडाईची तऱ्हा वेगळी असेल तर ही शंका पक्की होते. पूल नदीला किंवा रस्त्याला तिरपा छेदत असेल तर कमानीतले विटांचे थर सरळ न जाता मळसूत्रासारखे वळत गेलेले दिसतात. हे बांधकाम अवघड होते, आणि सर्वसाधारण पर्यटक त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

कमान जिथे खांबावरून सुरू होते तिथे काही दगड बाहेर डोकावत असतील. ते केवळ शोभेसाठी नसतात. कमान बांधताना तिच्या आकाराचा लाकडी साचा खाली उभा करावा लागतो, कारण माथ्यावरचा कळीचा दगड बसेपर्यंत कमान स्वतःला पेलू शकत नाही. तो साचा टेकवण्यासाठी हे दगड उपयोगी पडत. खांबाच्या अंगावर ओळीने चौकोनी भोके असतील तर ती परांचीची लाकडे रोवण्याची असण्याचा संभव मोठा. लँडवासरचे उंच खांब मात्र परांची न उभारता चढवले होते, त्यामुळे सर्वत्र ही भोके शोधत बसू नये.

दुरुस्त्यांच्या खुणा ओळखणे हा या भेटीतला सर्वांत रसाळ भाग आहे. भिंतीवरचे पांढरे ओघळ म्हणजे वरून झिरपणाऱ्या पाण्याने चुन्याच्या सांध्यांतून वाहून आणलेला अंश. ते दिसले तर पाण्याचा निचरा नीट होत नाही असे समजावे. कमानीच्या वरच्या बाजूच्या भिंतीवर गोल किंवा फुलीच्या आकाराची लोखंडी तबके असतील तर पुलाच्या आरपार लोखंडी गज घालून दोन्ही भिंती एकमेकींना बांधल्या आहेत, कारण आतल्या भरावाने त्यांना बाहेर ढकलायला सुरुवात केली होती. खांबाच्या बुडाशी मोठे धोंडे किंवा काँक्रीटचा वेढा दिसला तर पुराने पायाखालची माती उकरली असणार. पाण्यावरचे पूल पडण्याच्या प्रमुख कारणांत या उकरण्याचा क्रमांक फार वरचा आहे. रिबलहेडच्या पुलाची दुरवस्था 1980 च्या दशकात मार्ग बंद करण्याच्या प्रस्तावामागचे एक मोठे कारण ठरली होती. 1989 मध्ये मार्ग टिकवण्याचा निर्णय झाला, पुलाची डागडुजी झाली, आणि भार कमी व्हावा म्हणून पुलावर आता दुहेरीऐवजी एकेरी मार्ग आहे. मूळ रुंदी तशीच असल्याने हा बदल शेजारच्या उंचवट्यावरून सहज कळतो.

काँक्रीटचे जुने पूल नवख्यांना नीरस वाटतात. तसे मानण्याचे कारण नाही. स्कॉटलंडमधला ग्लेनफिनन पूल 1901 मध्ये मार्ग सुरू झाला तेव्हापासून वापरात आहे. त्याच्या 21 कमानींत लोखंडी सळ्या नाहीत, नुसते काँक्रीट आहे. दाब झेलण्यात काँक्रीट दगडाप्रमाणेच समर्थ असते आणि कमानीत मुख्यतः दाबच असतो, म्हणून हे साधले.

लोखंडी पूल असेल तर

लोखंडी पूल वाचण्याची रीत निराळी आहे. त्याच्या जाळीतल्या पट्ट्यांपैकी काही बारीक आणि काही जाड, पेटीसारख्या का, असा प्रश्न आधी विचारावा. ताण सोसणारी पट्टी बारीक असली तरी चालते. दाब सोसणारी मात्र बारीक असेल तर वाकून दुमडते, म्हणून ती जाड करतात. एवढे लक्षात ठेवून पाहिले तर भार कुठून कुठे जातो हे जाळीतच लिहिलेले आढळते.

जुने जोड रिव्हेटचे, म्हणजे गोल डोक्याच्या जाड खिळ्यांचे असतात. तापवून लाल केलेला रिव्हेट भोकात घालून ठोकत. थंड होताना तो आकसे आणि पत्रे आवळून धरी. गोल डोक्यांच्या ओळीत मध्येच षटकोनी डोक्याचे बोल्ट दिसले तर तिथे नंतर दुरुस्ती झालेली आहे. पुलाच्या टोकांना तुळया कशावर टेकल्या आहेत तेही पाहावे. एका टोकाला बहुधा रोलर किंवा सरकणारी बैठक असते, कारण 100 मीटर लांबीची पोलादी तुळई तापमानात 40 अंशांचा फरक पडला की जवळजवळ 5 सेंटिमीटरने लांबते. तुळयांवर कारखान्याचे नाव आणि साल असलेली ओतीव पाटी असेल तर ती नोंदवून ठेवावी. पण पुलाच्या वयाचा तो अंतिम पुरावा नव्हे. खांब जुने आणि वरच्या तुळया नंतर बदललेल्या, असे पूल पुष्कळ आहेत, कारण इंजिने जड होत गेली.

ओतीव लोखंड दाब झेलते पण ताणाखाली एकाएकी तुटते, हे 1847 मध्ये इंग्लंडमधल्या चेस्टरजवळचा डी नदीवरचा पूल गाडीखाली मोडला आणि पाच जण मृत्युमुखी पडले तेव्हा प्रकर्षाने जाणवले. 28 डिसेंबर 1879 च्या वादळात स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल गाडीसह कोसळला, आणि त्यानंतर वाऱ्याचा जोर हिशेबात धरण्याबाबत अभियंते अधिक काटेकोर झाले. फ्रान्समधल्या गाराबी पुलाची 165 मीटरची कमान, 1884 मध्ये पॅरिसच्या मनोऱ्यामुळे प्रसिद्ध असलेल्या आयफेल यांच्या कंपनीने पूर्ण केलेली, घडीव लोखंडाच्या जाळीची आहे. त्या जाळीतून वारा निघून जातो. आज तिच्याखाली धरणाचे पाणी साठलेले असल्याने पूल मूळच्यापेक्षा कमी उंच वाटतो, हे तिथे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

बंद पूल

बंद पडलेला पूल अधिक सुरक्षित असतो ही समजूत चुकीची आहे. देखभाल थांबलेली असते, रुळांखालचे लाकडी स्लीपर कुजतात, पत्रे गंजून पातळ होतात आणि कठडे सैल होतात. अधिकृतपणे पायवाट केलेली असेल तरच वर जावे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातला किंझुआ पूल 1882 मध्ये लोखंडाचा उभारला, 1900 मध्ये पोलादाचा करून घेतला, आणि 21 जुलै 2003 रोजी टोर्नेडोने (जमिनीवरच्या चक्राकार वादळाने) त्याचे कित्येक मनोरे आडवे केले. उरलेल्या भागावर 2011 पासून लोकांसाठी चालण्याची सोय आहे आणि पडलेले मनोरे दरीत तसेच ठेवले आहेत. तो पाहताना वर जाणे योग्य, कारण तिथून खालचे अवशेष दिसतात.

शेवटी गाडीने

वेळ असेल तर सगळे पाहून झाल्यावर त्याच पुलावरून गाडीने जावे, आधी नव्हे. खालून पाहिलेले खांब, वळण आणि घळ यांची सांगड तेव्हाच घालता येते. वळणावरच्या पुलावर वळणाच्या आतल्या बाजूची खिडकी आणि मागचा डबा घ्यावा, म्हणजे पुढचा पूल आणि त्यावरून जाणारे इंजिन दिसते. पूल सरळ असेल तर कोणत्याही खिडकीतून पूल दिसणार नाही. अशा वेळी दरीकडे पाहावे आणि खाली आपण उभे होतो ती जागा शोधावी. दारात उभे राहू नये आणि खिडकीबाहेर हात किंवा फोन काढू नये, कारण जुन्या पुलांच्या कैच्या, म्हणजे बाजूच्या लोखंडी जाळ्या, डब्यापासून अगदी थोड्या अंतरावर असतात. खाली फिरताना सुटा दगड, ताजी भेग किंवा उकरलेला पाया नजरेस आला असेल तर पुलावर लिहिलेला त्याचा क्रमांक टिपून ठेवावा आणि जवळच्या स्थानकावर त्या क्रमांकासह कळवावे.